आवरताना खाल्लेलं

दादाला किडनी द्यायची हे मी उभ्या उभ्या ठरवलं होतं. कॅलरी मोजायचं ॲप निवडायला मात्र त्याहून कितीतरी जास्त वेळ लागला.

दादा माझा थोरला भाऊ. अंबरनाथच्या कारखान्यात नोकरी केली, उल्हासनगरला घर घेतलं, आणि रिटायर व्हायच्या आधीच त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. वहिनींचा रक्तगट जुळला नाही, शिवाय त्यांना बीपी. माझा जुळला. माझ्या नवऱ्याने एकदाच विचारलं, "नक्की ना?" मी म्हटलं, "नक्की." तो म्हणाला, "मग मला फॉर्मवर कुठे सही करायची ते सांग." आमच्या घरात एवढीच चर्चा झाली.

मुंबईच्या हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी माझे रिपोर्ट चाळले आणि मला काट्यावर उभं केलं. वजन जास्त, साखर काठावर. "आठ किलो कमी करून या. साखरही खाली यायला हवी. त्याशिवाय आम्ही पुढच्या टेस्ट करणार नाही," ते म्हणाले. शेजारी वहिनी बसल्या होत्या. त्यांनी पर्सची चेन उघडली, बंद केली, परत उघडली. डायलिसिससाठी दादाच्या हातात जी शीर तयार केली होती ती तोवर एकदा बंद पडून झाली होती. वाट बघायला आमच्याकडे फार वेळ नव्हता, हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं.

मला त्या दिवशी फार काही वाटलं नाही. मी अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कंपनीत स्टोअर सांभाळते. नटबोल्ट, गॅस्केट, ग्रीसचे डबे. आलं किती, गेलं किती, शिल्लक किती. एखाद्या कप्प्यात दोन बेअरिंग कमी निघाली तर मी सुपरवायझरला जेवायला सोडत नाही. आठ किलो म्हणजे तसाच हिशोब, असं मला वाटलं. आत कमी, बाहेर जास्त. त्यासाठी फक्त चांगलं हत्यार हवं.

"आई, ॲप घे," मुलगी म्हणाली. ती कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. तिने जेवता जेवता माझ्या फोनवर चार ॲप उतरवली आणि म्हणाली, "आता तुझं तू बघ. मला परत परत विचारू नकोस."

पहिलं परदेशी होतं. त्यात भाकरी शोधली तर त्याने मला बार्लीचा कसलासा पाव दाखवला. भात कपात मोजायचा, दूध औंसात. आमटी त्याच्या लेखी सूप. पहिल्याच दिवशी मी अंदाजाने काहीतरी भरलं तर त्याने फटाके उडवून माझं अभिनंदन केलं. दिवसभरात काहीही न भरताही ते अभिनंदन करतं का, ते मी दुसऱ्या दिवशी बघितलं. करतं. काढून टाकलं.

दुसऱ्यात माणूस होता. म्हणजे नाव-नंबर भरल्याबरोबर एका मुलीचा फोन आला. "हॅलो मॅम, मैं आपकी वेलनेस कोच! आप अपने सपनों का वज़न बताइए!" मी तेव्हा गेटवर ट्रक उतरवून घेत होते. मी म्हटलं, "सपना नहीं है, डॉक्टर ने बोला है." ती म्हणाली, "वाव, मॅम!" तिचे फोन बंद करायला मला ॲप काढण्यापेक्षा जास्त कष्ट पडले.

तिसरं मी एकच दिवस वापरलं. ते शहाणं होतं, मराठीही होतं, पण चौकस. दर जेवणानंतर विचारायचं: स्वयंपाक करताना चव घेतली का? कुणाच्या ताटातलं काही खाल्लं का? भांड्यातलं उरलेलं संपवलं का? मला रागच आला. मी मुलीला म्हटलं, "हे मला काय समजतं? मी लोकांच्या ताटातलं खाते?" ती फोनमधून मान वर न करता म्हणाली, "नाही म्हणून टाक आणि पुढे जा." मी ॲपच काढून टाकलं.

चौथं मला पटलं. त्याला पोहे माहीत होते, मिसळ माहीत होती, वाटी माहीत होती, शेंगदाण्याची चटणीसुद्धा चमच्यांत मोजता येत होती. सकाळचा नाश्ता, दुपारचं जेवण, संध्याकाळचं खाणं, रात्रीचं जेवण, असे चार स्वच्छ कप्पे. मध्ये उगाच काही विचारणं नाही. चालणं आपोआप मोजलं जायचं. आणि मुख्य म्हणजे त्यात एक जोडीदार जोडता यायचा. आपण भरू ते त्याला त्याच्या फोनवर दिसतं.

मी वहिनींना जोडलं.

कुणी सांगितलं नव्हतं. माझं मीच केलं. मनात असं होतं की त्यांच्या नवऱ्याचा जीव यावर अडकलाय, तर त्यांना दिसू दे मी किती काटेकोर आहे ते. आज हे लिहिताना कळतं की मला त्यांच्याकडून शाबासकी हवी होती. चार ॲपमधलं नेमकं जे मला सगळ्यात कमी विचारत होतं आणि सगळ्यात जास्त दाखवत होतं, ते मी निवडलं.

मग उल्हासनगरच्या कॅम्प दोनच्या बाजारात जाऊन वजनकाटा आणला, स्वयंपाकघरात ठेवायचा. सिंधी दुकानदाराने तीन काटे समोर मांडले. मी पर्समधून बिस्किटाचा न फोडलेला पुडा काढून तिन्हींवर ठेवून बघितला, कारण पुड्यावर वजन छापलेलं असतं. तो बघतच राहिला. "दीदी, रसोई का है, सुनार का नहीं. थोड़ा इधर-उधर चलता है," तो म्हणाला. मी म्हटलं, "मेरे को नहीं चलता." त्याने हात जोडले आणि तिसरा काटा दिला.

त्यानंतर माझं एक राज्य सुरू झालं. चपातीचा गोळा काट्यावर. भात काट्यावर. तेल चमच्याने. नवऱ्याला मी समोर बसवून सांगायची की एका चपातीत किती कॅलरी असतात, आणि तो दुसरी मागताना घुटमळायचा. कंपनीत डबा उघडला की बायका म्हणायच्या, "झालं का तुमचं वजन-माप?" मी आधी फोनवर भरायची आणि मग घास घ्यायची. सकाळी बदलापूरच्या आमच्या सोसायटीतून निघून नदीच्या पुलापर्यंत आणि परत. ॲपवर रोज हिरवी खूण. वहिनींचा मेसेज यायचा, हात जोडलेले. मीही उलट हात जोडायची.

वजन आधी थोडं उतरलं. मग थांबलं. मग काही केल्या हलेना.

डायलिसिसच्या दिवशी मी कधी कधी कंपनीतून सुटून उल्हासनगरला जायची. दादा खुर्चीत रेललेला असायचा, नळ्या लावलेल्या, अंगावर घरून आणलेली चादर. मला बघून म्हणायचा, "काय गं जाडे, माझी किडनी कशी आहे?" मी म्हणायची, "तुझी नाही अजून. माझीच आहे." तो हसायचा. वहिनीही हसायच्या, पण त्यांचं लक्ष माझ्या पोटाकडे असायचं. ते मला कळायचं. मी ओढणी सारखी करायची.

हे असं बरेच आठवडे चाललं. मग एकदा मी स्टोअरमध्ये असताना वहिनींचा फोन आला. नेहमी त्या आधी तब्येत विचारतात. त्या दिवशी विचारली नाही.

"ताई, एक विचारू? राग नाही ना येणार?"

"विचारा."

"भाऊजींची काही हरकत आहे का? म्हणजे माझ्याकडे बोलणार नाहीत ते. पण तुमच्याजवळ काही म्हणाले असतील तर..."

"नाही हो. का?"

"मग तुमच्या मनात काही आहे का? असेल तर स्पष्ट सांगा, ताई. मी वाईट वाटून घेणार नाही. फक्त आम्हाला दुसरीकडे नाव लावायचं तर वेळेत लावता येईल."

माझ्या हातात गॅस्केटचं पाकीट होतं. ते मी इतक्या जोरात रॅकवर ठेवलं की हेल्पर दचकला. "वहिनी, तुमच्या फोनवर सगळं दिसतंय ना? एक दिवस तरी मी जास्त खाल्लेलं दिसलं का तुम्हाला? एक दिवस?"

"नाही," त्या म्हणाल्या. "तेच तर."

तेच तर म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. मी फोन ठेवला आणि दिवसभर सगळ्यांवर खेकसत राहिले. मला खोटं ठरवलं होतं. ज्या बाईने स्टोअरमधला एक वॉशर इकडचा तिकडे होऊ दिला नाही तिला.

पुढच्या रविवारी वहिनी बदलापूरला आल्या. दादाच्या कागदांवर माझ्या नवऱ्याची सही हवी होती. मी मुद्दाम जेवायला थांबवलं. मुद्दामच. त्यांच्यासमोर माझं ताट काट्यावर ठेवलं, त्यांच्यासमोर फोनवर भरलं. दीड चपाती, वाटीभर वालाचं बिरडं, काकडीची कोशिंबीर, भात नाही. त्या जेवत राहिल्या. मुलगी ताटात अर्धी चपाती टाकून उठली, नवऱ्याने बिरडं थोडं ठेवलं, तोही उठला.

मग आम्ही दोघी स्वयंपाकघरात आलो. त्या सकाळची घासलेली भांडी फडक्याने पुसत होत्या, मी ओटा आवरत होते. आवरताना मी बोलत होते. माझं बोलणं चाललं होतं त्या दुसऱ्या ॲपमधल्या कोचबद्दल, तिचा आवाज काढून दाखवत होते. वहिनी हसत होत्या. मग हसायच्या थांबल्या.

"ताई."

"हं?"

"हे भरता का तुम्ही?"

"काय?"

"हे. आत्ता तोंडात टाकलंत ते."

माझ्या हातात डाव होता. कढईच्या तळाला बिरडं उरलं होतं ते मी डावाने गोळा केलं होतं, आणि डाव रिकामा होता. तोंडात वालाचा दाणा होता. मी तो गिळला.

"हे होय?" मी म्हटलं. "हे काय खाणं आहे? कढई घासायला टाकायची ना, म्हणून."

"म्हणून खाल्लंत."

"एवढंसं तर होतं."

"त्याच्या आधी पोरीची अर्धी चपाती खाल्लीत. उभ्या उभ्या, चटणी लावून." त्या फडकं हातात धरून अगदी हळू बोलत होत्या. टोमणा नव्हता त्यात. "भाऊजींच्या वाटीतलं बिरडं खाल्लंत. कोशिंबिरीच्या भांड्यातलं दही बोटाने पुसून घेतलंत. आणि दुधाच्या पातेल्याची साय. ताई, मी मघापासून बघतेय. तुम्हाला कळलं तरी का?"

मी ओट्याकडे बघितलं. सगळी भांडी लख्ख निपटलेली, घासायला सोपी. मी रोज तशीच ठेवते. मला त्यातलं एकही खाल्ल्याचं आठवत नव्हतं. साय खाल्ली हे तर मला जिभेवरच्या चवीने कळलं, त्यांनी सांगितल्यावर.

वहिनींनी फडकं तोंडाला लावलं. मला वाटलं हसताहेत. हसत नव्हत्या.

"मला वाटत होतं तुम्हाला द्यायची नाही," त्या म्हणाल्या. "रात्रंदिवस तेच वाटत होतं. ह्यांनाही बोलले मी."

नवरा दारात आला. "काय झालं?"

"काही नाही भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "ताई आवरतायत."

तो गेला. माझे कान गरम झाले होते. लाज वाटते तेव्हा माणसाला जमिनीत जावंसं वाटतं म्हणतात. मला तसं काही वाटलं नाही. मला वाटलं की हा डाव कुठे ठेवू. तो कढईत ठेवला तर परत दिसेल.

खादाडपणाची लाज असती तर मी ती सहन केली असती. जाड बाई आहे, तेवढं ऐकायची सवय आहे. लाज याची होती की इतके आठवडे मी बरोबर होते. नवऱ्याच्या दुसऱ्या चपातीकडे बघत होते, ॲपवरच्या हिरव्या खुणा मोजत होते, आणि वहिनींनी संशय घेतला म्हणून त्यांच्यावर रागावले होते. आणि तिकडे दादा खुर्चीत नळ्या लावून बसलेला होता.

अंबरनाथला आम्ही कारखान्याच्या क्वार्टरमध्ये वाढलो. खायला कमी नव्हतं, पण आई मोजून करायची आणि शेवटी पातेली घेऊन बसायची. पुसून खायची. तिने स्वतःला ताट वाढून घेतलेलं मी फारसं पाहिलं नाही. ती म्हणायची, "माझं झालं," आणि आम्हाला ते खरं वाटायचं. मी लग्नानंतर ताट घ्यायला लागले. एवढी सुधारणा झाली. पातेली तशीच राहिली. त्यामुळे मी दोन बायकांचं जेवत होते, ताटातलं आणि पातेल्यातलं, आणि त्यातलं एकच खाणं होतं. दुसरं काम होतं. कामाच्या कॅलरी कोण भरतं?

दुसऱ्या दिवशी मी सगळं भरलं. त्याला कप्पा नव्हता, म्हणून संध्याकाळच्या खाण्यात घातलं. ॲपच्या यादीत असले पदार्थ नाहीत, आपल्या हाताने नाव द्यावं लागतं. डब्यातून परत आलेली भेंडी. मुलीचा उरलेला उपमा. खिचडीची खरवड. चहाच्या पातेल्यातलं दूध. मी फोनवर एकेक अक्षर दाबत होते आणि मला माहीत होतं की ते वहिनींच्या फोनवर तसंच दिसतंय. काट्यावर कपडे काढून उभं राहणं त्यापेक्षा सोपं गेलं असतं. रात्रीपर्यंत त्याची बेरीज एका पूर्ण जेवणाएवढी झाली. हिरवी खूण लाल झाली. वहिनींनी त्या दिवशी हात जोडले नाहीत. नुसतं लिहिलं, "बरं झालं, ताई."

खाणं सोडणं त्या मानाने सोपं होतं. टाकणं जमत नव्हतं. फ्रीजमध्ये डब्या भरल्या. तीन दिवसांनी त्या डब्या उघडून परत मीच पुढ्यात घेतल्या. मग स्वयंपाकच कमी करायला लागले. पहिल्याच दिवशी भात कमी पडला. नवऱ्याने पातेल्यात वाकून बघितलं.

"संपला?"

"संपला."

त्याने आणखी थोडा वेळ पातेल्यात बघितलं, जणू आणखी कुठून येईल. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, या घरात भात कधी संपला नव्हता. मला पाहुण्यासमोर वाढपी रिकामा आल्यासारखं झालं. तो ताकच प्यायला आणि उठला.

मुलीला मी सांगितलं, यापुढे ताटात टाकायचं नाही, घेतलंस तर संपवायचं.

"का? टाकलं तर काय होतं?"

"मला खावं लागतं."

ती माझ्याकडे बघायला लागली. "माझं उष्टं तू खायचीस? शी, आई! मला वाटायचं गायीला वगैरे देत असशील."

"तिसऱ्या मजल्यावर कोणती गाय येते गं?"

ती हसली नाही. ताट घेऊन आत गेली आणि स्वतःचं स्वतः घासलं. तिचीही मान खाली होती. मला ते नको होतं. तिला लाज वाटावी असं तिने काही केलं नव्हतं.

आणि तरीही काही ना काही उरायचंच. वाटीभर आमटी, दोन चमचे भाजी. भाजी ओल्या कचऱ्यात टाकून वर कागद घालायची. आमटी सिंकमध्ये ओतताना नळ पूर्ण सोडायची, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून. खाताना मला कधी चोरी वाटली नव्हती. टाकताना वाटायची. आजही वाटते.

वजन उतरलं. भराभर नाही, पण उतरत राहिलं. साखर खाली आली. आम्ही परत मुंबईला गेलो, मी आणि वहिनी. दादाचं त्या दिवशी डायलिसिस होतं. काट्यावर मी चप्पल काढून, घड्याळ काढून उभी राहिले. तिथल्या कोऑर्डिनेटर बाईंनी आकडा लिहिला, जुना आकडा बघितला, परत काट्याकडे बघितलं.

"छान! आता पुढच्या टेस्टच्या तारखा देते. कसं केलंत हो? बाकीचे डोनर येतात, वर्ष वर्ष हलत नाहीत."

"ॲप वापरलं," मी म्हटलं.

"कुठलं? नाव सांगा, मी बाकीच्यांना सांगेन."

मी नाव सांगितलं. त्यांनी कागदाच्या कडेला टिपून घेतलं. वहिनी माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. पातेल्यांचं सांगायचं म्हणजे दोन वाक्यांचं काम होतं. मला ती बोलता आली नाहीत.

बाहेर कॉरिडॉरमध्ये वहिनींनी दादाला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. "तुम्हीच सांगा."

मी सांगितलं. वजन त्यांच्या आकड्यात बसलं, साखर बसली, पुढच्या टेस्ट आहेत. पलीकडे मशीनची टिकटिक ऐकू येत होती. मला वाटलं दादा आता जाडे म्हणेल.

"म्हणजे तू खरंच देणार होतीस," तो म्हणाला.

इतके महिने तो हसून विचारत होता, माझी किडनी कशी आहे, आणि मी हसून उत्तर देत होते. वहिनींनी मला सांगितलं होतं, ह्यांनाही बोलले. ते वाक्य मी ऐकलं होतं आणि पुसून टाकलं होतं.

"सॉरी गं," तो म्हणाला. त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"नर्स बोलावतेय, ठेवते," मी म्हटलं आणि फोन वहिनींकडे दिला. नर्सने कुणालाच बोलावलं नव्हतं. वहिनी माझ्याकडे बघत होत्या, म्हणून मी उठून टेस्टच्या खिडकीसमोर जाऊन उभी राहिले. ती उघडायला अजून अवकाश होता.